कुत्रा समितीतली बाई

सबंध आयुष्यात मला एकच सार्वजनिक पद मिळालं. मी कुत्रा समितीची सभासद होते. देश मोकळा करायचा की नाही आणि करायचा तर कसा, याचा खल तेव्हा दिल्लीत चालला होता. नदीच्या वाळवंटात कुत्री मोकळी सोडायची की नाही, याचा खल आमच्या म्युनिसिपालिटीत चालला होता. दिल्लीतलं काम आमच्याआधी उरकलं, हे आधीच सांगून टाकते.

गाव प्रवरेच्या काठचं, तालुक्याचं. मी तिथल्या मिशनच्या मुलींच्या शाळेत मुख्य शिक्षिका होते. मुख्य अशासाठी, की शिक्षिका दोनच होत्या आणि दुसरी माझ्याहून लहान होती. शाळेमागच्या दोन खोल्यांत मी आणि माझी आई राहत असू. वडील वारले होते, लग्न मी केलं नव्हतं. गाव मला ‘बाई’ म्हणायचं आणि आईला ‘बाईंची आई’.

दिवाळीच्या सुमाराला नदी एका कडेला सरकायची आणि मोठं थोरलं वाळवंट उघडं पडायचं. गावात बाग नव्हती, नाटकगृह नव्हतं, वाचनालयाला बसायला बाक नव्हते. जे काही होतं ते वाळवंटात होतं. संध्याकाळी पेन्शनर मंडळी रुमाल अंथरून बसत आणि आपण नोकरीत असताना राज्य किती नीट चाललं होतं, ते एकमेकांना सांगत. तालमीतली पोरं कुस्त्या धरत. घाटाखाली बायका धुणं धूत. अधूनमधून कोणा पुढाऱ्याचं भाषण होई. नदीच्या वळणापलीकडे कलिंगडाच्या वाड्या होत्या. वाळूत चर खणून, खत भरून, घागरीनं पाणी घालून वाढवलेले वेल दूरवर पसरलेले असत. आणि या सगळ्यात गावातली कुत्री हिंडत. ती कोणाची म्हणून नव्हती. भाषणांना त्यांची हजेरी माणसांपेक्षा बरी असे आणि ती मध्येच उठूनही जात नसत. त्यांच्याबद्दल कोणी कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

लढाई संपल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात मात्र वाळवंटात एक नवा कुत्रा आला आणि सगळं बिघडलं.

तो होता रावसाहेबांचा. रावसाहेब म्हणजे पेन्शनीत निघालेले मामलेदार. कर्जतला असताना त्यांचा दरारा असा, की मिरजगावच्या बाजारात त्यांचा टांगा दिसला की लोक भर पावसात छत्र्या मिटून उभे राहत. हे मी स्वतः पाहिलेलं नाही. रावसाहेबच सांगत, आणि पेन्शनर मंडळींपैकी कोणी कधी शंका काढली नाही. आता छत्र्या कोणी मिटत नव्हतं. घरात मुलगा ऐकेना, सून तर त्यांच्या देखत पदर खोचून ‘हो मामंजी’ म्हणे आणि मग स्वतःला हवं तेच करी. अशा दिवसांत नगरच्या छावणीतला एक गोरा कप्तान विलायतेला परत जायला निघाला आणि आपला अल्सेशियन कुत्रा रावसाहेबांना देऊन गेला. का दिला कोण जाणे. रावसाहेब म्हणत, मैत्रीखातर. माझी आई म्हणे, बोटीवर कुत्र्याचं तिकीट महाग पडलं असेल.

कुत्रा मात्र देखणा होता. उभे कान, काळी पाठ, गव्हाळी पाय, वासराएवढा. त्याचं खरं नाव इंग्रजी होतं आणि ते गावाच्या जिभेवर बसेना, म्हणून गाव त्याला ‘साहेब’ म्हणायला लागलं. रोज संध्याकाळी पाच वाजता साहेब पुढे आणि रावसाहेब मागे अशी मिरवणूक घाट उतरायची. खाली आल्यावर रावसाहेब पट्ट्याची साखळी सोडत आणि इंग्रजीत हुकूम देत. कुत्रा तडक उलट्या दिशेला धावे. ‘चौकस जात आहे,’ रावसाहेब म्हणत.

त्या कुत्र्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याला फक्त धावायचं असे. पण वासराएवढं जनावर जेव्हा आनंदानं धावतं, तेव्हा वाटेत बसलेल्यांना आनंद होत नाही. त्यानं कुस्तीच्या आखाड्यात शिरून दोघा पैलवानांना एकदमच चीत केलं. धुऊन वाळत घातलेल्या लुगड्यावर लोळून घेतलं. लोक काय करणार? हसत. मामलेदाराचा कुत्रा, त्यातून गोऱ्याच्या हातचा. एक परटीण तर मला म्हणाली, “बाई, त्यानं पाय दिला ते लुगडं पुन्यांदा धुतलं, पन त्येच्यावरचं नख बगा कसं हाय, वाघावानी!” तिला चिडावं की अभिमान धरावा ते कळत नव्हतं.

मग एक दिवस अध्यक्षांचं भाषण झालं. अध्यक्ष म्हणजे म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष, धंद्यानं वकील. भाषण स्वातंत्र्यावर होतं. वाळूवर टेबल मांडलं होतं, टेबलाशेजारच्या खुर्चीवर वकीलसाहेबांनी आपलं उपरणं घडी करून ठेवलं होतं. बोलता बोलता ते ‘गुलामगिरीच्या शृंखला’ या शब्दांशी आले आणि त्याच वेळी शृंखलेतून नुकताच सुटलेला साहेब नदीत बुडी मारून वर आला. धावत टेबलाशी गेला, उभा राहिला आणि नखशिखान्त अंग झाडलं. पहिल्या रांगेतली मंडळी भिजली. वकीलसाहेब तर चष्म्यापासून धोतरापर्यंत भिजले. एवढं करून कुत्रा खुर्चीवर चढला, उपरण्यावर बसला आणि सभेकडे तोंड करून जीभ बाहेर काढून पाहू लागला. मी बायकांच्या रांगेत होते. त्या दिवशी जशा टाळ्या पडल्या तशा त्या गावात पुन्हा कधी कोणाला पडल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी म्युनिसिपालिटीत अर्ज आला. आता कोणाही सामान्य माणसाला वाटेल, की अर्जात लिहिलं असेल, ‘रावसाहेबांच्या कुत्र्याला आवरा.’ पण वकीलसाहेबांचे अर्धे पक्षकार जमिनीच्या दाव्यातले आणि तालुका कचेरीत रावसाहेबांचा अजूनही शब्द चालायचा. त्यामुळे अर्जात होतं, ‘नदीपात्रात गावठी मोकाट कुत्र्यांचा उपद्रव वाढला आहे.’ ज्यांनी जन्मात कोणाच्या उपरण्याकडे वाकडा डोळा करून पाहिलं नव्हतं, ती कुत्री आरोपी झाली. आणि चौकशीसाठी जी तिघांची समिती नेमली, तिच्यात अध्यक्ष म्हणून वकीलसाहेब, जाणकार म्हणून खुद्द रावसाहेब, आणि तिसरी मी.

मी का, तर वाळवंटात बायकाही जातात, तेव्हा एक बाई हवी असं कोणा सुधारकी सभासदाच्या मनात आलं. सभासदांच्या घरच्या बायका समितीत बसणं अर्थातच शोभलं नसतं. मला नवरा नव्हता, त्यामुळे परवानगी कोणाची घ्यायची हा प्रश्न मिटला. सही करता येत होती. शिवाय ख्रिस्ती, म्हणजे मी कुठंही बसले तरी घराण्याला बट्टा लागायचा नाही.

शिपाई निरोप घेऊन आला तेव्हा आई तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून म्हणाली, “जा. पण तिथं बोलू नको.”

“मग जायचं कशाला?”

“अगं, बसायला बोलावलंय. बोलायला बोलावलं असतं तर कुत्र्यांवर कशाला बोलावलं असतं?”

पहिली बैठक म्युनिसिपालिटीच्या मागच्या खोलीत झाली. चहा आला. दोघांना चिनी मातीच्या कपबशा, मला कान तुटलेला कप, तोही शिपायानं खिडकीतून काढून आणलेला. तो तिथं का ठेवलेला असतो ते मला माहीत होतं. माझ्या आजोबांनी धर्म बदलला होता, पण गावानं कप बदललेला नव्हता. मी चहा प्यायले. चहा चांगला होता.

रावसाहेबांनी घसा साफ केला. “प्रश्न साधा आहे. कुत्र्यांत दोन वर्ग असतात. एक खानदानी, एक गावठी. खानदानी कुत्र्याला व्यायाम हवा, त्याला बांधून ठेवलं तर ते बिघडतं. गावठी कुत्र्याला मोकळं सोडलं की ते बिघडतं.”

“बरोबर,” वकीलसाहेब म्हणाले. त्यांचं उपरणं नवीन होतं. “तरीपण माझं स्वतःचं मत विचाराल, तर वाळवंटात कुत्रंच नको. कोणतंही. अर्थात, आपल्या कुत्र्याची गोष्ट वेगळी.”

“माझा कुत्रा शिस्तीचा आहे.”

“आहेच. त्या दिवशी तो केवळ कुतूहलानं—”

“भाषण आवडलं त्याला.”

“हो, हो.”

मला आईची आठवण झाली, तरी मी विचारलं, “खानदानी कुत्रा ओळखायचा कसा?”

रावसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिथं आहे हे त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं असावं. “बाई, ते दिसतं. जन्मावर असतं. चालण्यात, बसण्यात दिसून येतं. शिकवून येत नाही ते.”

मी तुटक्या कपाकडे बघत म्हटलं, “अस्सं.”

नंतरच्या बैठकांत याहून निराळं काही झालं नाही. शेवटी कोणीतरी म्हणालं, की समितीनं स्थळपाहणी करायला हवी. ज्या वाळवंटात आम्ही तिघंही रोज संध्याकाळी जात होतो, ते पाहायला आम्ही एका दुपारी अधिकृतपणे गेलो. फेब्रुवारीतलं ऊन होतं. रावसाहेबांनी साहेबाला आदर्श नमुना म्हणून बरोबर घेतलं होतं.

घाटावरची पाहणी लगेच संपली, कारण दुपारी तिथं चिटपाखरू नव्हतं. मग वळणापलीकडे वाड्यांकडे गेलो. पहिलीच वाडी एका विधवा बाईची. पन्नाशीची, हडकुळी, कपाळाला आडवा पदर. तिचा मुलगा गाडीत माल भरून बाजार करायचा आणि ती वाडी राखायची. भोवती काटेरी झापांचं कुंपण, मध्ये पालाची खोप आणि खोपीपुढे दोन कुत्री, एक म्हातारं काळं आणि एक तांबूस कुत्री. दोघंही मोकळी. आम्हाला पाहून ती भुंकली, बाईनं “हाड्” म्हटल्यावर गप बसली.

“ही कुत्री तुझी का?” वकीलसाहेबांनी उलटतपासणी सुरू केली.

“माजी कशी? हितं ऱ्हात्यात.”

“मग कोणाची?”

“वाडीची. कोल्ही लई येत्यात राती. येक कोल्हा धा फळं फोडतो अन् खातो येकच. ह्यी असली म्हंजे येत न्हाईत.”

“बांधून ठेवत जा त्यांना.”

बाईला हे नीटसं कळलं नसावं. “बांदल्यावर कोल्ह्याच्या मागं कोन पळंल? मी?”

वकीलसाहेब पुढचा प्रश्न जुळवत होते, तेवढ्यात रावसाहेबांच्या हाताला हिसका बसला. साखळी हातात राहिली, कुत्रा पट्ट्यासकट कुंपणाखालून आत गेला. आम्हाला वाटलं आता रक्तपात होणार. रावसाहेब ओरडले, “कम हिअर! सिट! सिट!” म्हातारं काळं कुत्रं फक्त उठून सावलीला गेलं. तांबूस कुत्री मात्र शेपटी ताठ करून उभी राहिली. साहेबानं तिला हुंगलं, तिनं त्याला हुंगलं, आणि दोघं वेलांमधल्या वाळूतून पाण्याकडे अशी धूम पळाली, की पलीकडच्या थडीवरचे बगळे उठले.

“कम हिअर!” रावसाहेब पुन्हा म्हणाले. या खेपेला जरा हळू.

“येतंय आता दमल्यावर,” बाई म्हणाली. “बसा की तवर. उनात किती उबं ऱ्हाशीला?”

समिती खोपीच्या सावलीत वाळूवर बसली. दुसरं काय करणार? बाईनं एक कलिंगड उचललं, कानाशी धरून टिचकी मारली आणि गुडघ्यावर आपटून फोडलं. लाल गर नुसता हातांनी उकलून तिनं आमच्यापुढे केला. तेव्हा गावच्या म्युनिसिपालिटीपुढे कुत्र्यांहून फार मोठा प्रश्न उभा राहिला. वकीलसाहेब घाईनं म्हणाले, “मी दुपारचं काही घेत नाही.” मी घेतलं. रावसाहेबांनी एकदा नदीकडे पाहिलं, एकदा घाटाकडे पाहिलं. घाटावर कोणी नव्हतं. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. त्यांनी फोड घेतली, आणि मग दुसरीही घेतली. हनुवटीवरून रस ओघळला तो त्यांनी कोटाच्या बाहीला पुसला. मामलेदारसाहेबांना मी त्याआधी काही खाताना पाहिलेलं नव्हतं. कलिंगड खाताना ते एकदम कुणाचे तरी आजोबा दिसायला लागले.

तास दीड तासानं साहेब आला. वाळूनं माखलेला, एका कानाला ओरखडा. रावसाहेबांनी साखळी अडकवली आणि समिती परत फिरली.

शेवटची बैठक त्यानंतर आठवड्यानं. मी आईचा सल्ला बाजूला ठेवला आणि जे मला वाटत होतं ते सांगितलं. सोडायची तर सगळी सोडा, बांधायची तर सगळी बांधा. आजवर वाळवंटात ज्यानं कोणाला पाडलं, भिजवलं, लुगडी मळवली, तो एकच कुत्रा आहे, आणि त्याचं खानदान सगळ्यांना माहीत आहे.

दोन महिने ज्या दोघांचं एकमत होत नव्हतं, त्यांचं ते त्या क्षणी झालं. वकीलसाहेब रावसाहेबांकडे वळले, रावसाहेब वकीलसाहेबांकडे. पाच मिनिटांत ठराव तयार झाला. पट्टा असलेली, खानदानी, जबाबदार मालकासोबत आलेली कुत्री वाळवंटात मोकळी सोडण्यास हरकत नसावी. गावठी कुत्री पात्रात दिसल्यास शिपायानं हाकलून द्यावीत, वाड्यांवरची असल्यास मालकानं दिवसरात्र बांधून ठेवावीत. खाली लिहिलं, ‘समितीचे एकमताने.’

“पण माझं मत विरुद्ध आहे,” मी म्हटलं.

“तुमची भावना आम्ही लक्षात घेतली आहे,” वकीलसाहेब म्हणाले. “ठरावात भावना लिहीत नाहीत.”

दवंडी पिटली गेली. अंमलबजावणीचं काम म्युनिसिपालिटीच्या शिपायाकडे आलं. हा गरीब माणूस कुत्र्यांना भ्यायचा. खानदानी कसं ओळखायचं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तो काठी लांब धरून लोकांनाच विचारायचा. आणि मग गावात जी वंशावळी निघाली ती विचारू नका. एकाचं कुत्रं पाटलांच्या घरचं निघालं, एकाच्या कुत्रीची आजी पुण्याहून रेल्वेनं आलेली. खाटकाच्या दुकानापुढच्या लंगड्या कुत्र्याबद्दल खाटीक शपथेवर म्हणाला, की याचा बाप निजामाच्या फौजेत होता. ज्या कुत्र्यांकडे गावानं पिढ्यान्‌पिढ्या ढुंकून पाहिलं नव्हतं, ती सगळी आठवड्याभरात कुलवान झाली. चिंध्यांचे पट्टे झाले, सुतळीचे झाले. शिपाई काठी टेकून म्हणायचा, “मंग हाकलू कुनाला?”

वाळवंटात नवं काहीच झालं नाही. झालं ते वाड्यांवर, कारण वाडीवाल्या बायका वंशावळी सांगायला घाटावर येत नव्हत्या आणि शिपायाला कोणाला तरी दम देणं भाग होतं.

एका सकाळी ती विधवा बाई शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. मुली पाढे म्हणत होत्या. मी बाहेर गेले.

“बाई, तुमी हुता ना तितं?”

“कुठं?”

“त्या समितीत. कुत्री बांदायला लावली त्यात.”

“होते.”

“राती कोल्ही आली. बांदल्याली कुत्री नुसती वरडत ऱ्हायली. पाटंला बगते तर निम्मी वाडी फोडून टाकल्याली.” आवाज चढवलेला नव्हता. जणू कालचा पाऊस सांगत होती. “तुमी फळ खाल्लं आमचं. मला वाटलं, ह्या बाई काई बोलतील.”

“मी बोलले होते. बांधू नका म्हणाले होते.”

“मंग दवंडीवाला एकमतानं म्हनाला ते?”

मी शाळेत मुलींना सांगत होते की छापलेलं, लिहिलेलं खरं असतं. मी तिला म्हटलं, “तू आज घरी गेल्यावर कुत्री सोड. कोणी आलं तर माझं नाव सांग.”

“तुमचं नाव सांगून काय हुतंय?” ती म्हणाली. टोमणा नव्हता तो, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. शाळा सुटल्यावर राग घेऊन मी रावसाहेबांच्या घरी गेले.

रावसाहेब ओसरीवर आरामखुर्चीत बसले होते. पुढ्यात साखळी पडलेली, तिच्यात कुत्रा नव्हता. सून आतून म्हणाली, “आज चार दिवस पळतोय तो. दार उघडं दिसलं की गेला. मामंजी आणतात, पुन्हा जातो.”

“कुठं जातो?” मी विचारलं, माहीत असून.

मी वाडीचं नुकसान सांगितलं. फोडलेल्या फळांचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मामलेदारीत सवय असणार. मग म्हणाले, “बाई, तो माझं ऐकत नाही. पहिल्या दिवसापासूनच ऐकत नाही.” आणि लगेच, “तुम्हाला इंग्रजी येतं. माझे उच्चार चुकतात का हो?”

भांडायला आलेल्या माणसानं या प्रश्नाला काय म्हणावं? “उच्चार चांगले आहेत,” मी म्हटलं. मग आम्ही दोघं वाळवंटाकडे निघालो. त्यांनी साखळी बरोबर घेतली आणि वाटभर ती खिशात घालायची की हातात धरायची ते त्यांना ठरवता येईना.

वाडीत साहेब खोपीपुढे पसरला होता, तांबूस कुत्रीच्या अंगाला अंग लावून. दोन्ही गावठी कुत्री दोरानं बांधलेली, आणि खानदानी तेवढा मोकळा. ठरावाची इतकी तंतोतंत अंमलबजावणी साऱ्या गावात तिथंच झाली होती. रावसाहेबांना पाहून त्यानं शेपूट हलवली, पण उठला नाही.

बाई पाणी घालत होती. घागर खाली ठेवून म्हणाली, “न्या की. मी काई धरलं न्हाई त्येला.”

रावसाहेब उभेच राहिले. मग ते खाली बसले, गुडघे कुरकुरले, आणि पहिल्यांदा त्या तांबूस कुत्रीच्या गळ्यातला दोर सोडवू लागले. गाठ ओली होती, सुटेना. बाईनं विळा दिला. त्यांनी दोर कापला, मग काळ्या कुत्र्याचाही कापला. “कोणी विचारलं तर माझं नाव सांग,” ते म्हणाले. हेच वाक्य माझ्या तोंडचं निष्फळ ठरलं होतं. त्यांच्या तोंडून आल्यावर बाईनं मान डोलावली. अजूनही मला त्याचा थोडा राग आहे.

त्या दिवसापासून शिपाई वळणापलीकडे गेला नाही. रावसाहेब मात्र रोज जायला लागले. कुत्र्याला आणायला जातो, असं ते पेन्शनर मंडळींना सांगत आणि दिवस मावळल्यावर एकटेच परत येत. मंडळींत एक रुमाल कमी दिसायला लागला. कुजबुज झाली. सुनेनं मला एकदा वाटेत गाठून विचारलं, की मामंजी तिथं करतात तरी काय. मी पाहिलेलं सांगितलं. बसतात, कधी कोल्ह्यांना हाकलायला बुजगावणं बांधतात. ती म्हणाली, “घरी पाणी हातानं घेत नाहीत.”

मे महिन्यात तांबूस कुत्रीला सहा पिल्लं झाली. उभे कान, काळी पाठ, आणि पाय मात्र आईचे, बुटके आणि वाकडे. बातमी गावात पोचली तशी वाडीकडे रीघ लागली. गोऱ्या कप्तानाच्या कुत्र्याचं रक्त! डॉक्टरांनी एक मागून ठेवलं, अडत दुकानदारानं एक. आणि एका संध्याकाळी, अंधार पडता पडता, खुद्द वकीलसाहेब आले. मी तिथंच होते. माझ्याकडे न बघता बाईला म्हणाले, “चोऱ्या फार वाढल्यात. राखणीला एखादं हवं होतं.”

बाईनं त्यांना त्यातल्या त्यात रडकं पिल्लू दिलं. त्यांनी ते छातीशी धरलं आणि त्या पिल्लानं त्यांच्या उपरण्यावर जे करायचं ते केलं. वकीलसाहेब हसले. मला वाटतं, मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं.

मग अर्थातच म्युनिसिपालिटीत प्रश्न निघाला, की बाप खानदानी आणि आई गावठी असलेली कुत्री पात्रात मोकळी सोडता येतील काय. कुत्रा समितीला पुन्हा पाचारण झालं. वकीलसाहेबांचं म्हणणं पडलं, कायद्यानं वंश बापाकडून चालतो. रावसाहेब बैठकीला आलेच नाहीत, वाडीत फळं काढायची घाई होती. गणसंख्या भरली नाही, बैठक तहकूब झाली, आणि त्यानंतर पाऊस लागला. नदी दोन्ही थड्या भरून वाहायला लागली, वाळवंटच नाहीसं झालं, तेव्हा त्यावर कोण मोकळं असावं हा वादही संपला. ऑगस्टात कचेरीवर नवं निशाण चढलं. वकीलसाहेबांनी भाषण केलं, चांगलं केलं, कारण सभा या वेळी बंद दिवाणखान्यात होती.

पाऊस लागायच्या आधी बाईनं खोप मोडून आपल्या गावी जायची तयारी केली होती. साहेब गाडीमागून चालू लागला. रावसाहेब म्हणाले, दोन दिवसांत येईल. तो आला नाही. सबंध पावसाळा रावसाहेब घाटाच्या वरच्या पायरीवर छत्री घेऊन पाणी किती उतरलं ते बघत बसत. दिवाळीनंतर बाई आली, कुत्र्यांसकट, आणि रावसाहेब सुनेला सांगून रीतसर खुर्ची घेऊन खाली उतरले. खुर्ची वाळूत रुतली, तेव्हा परत पाठवली.

पुढच्या वर्षी माझी नगरला बदली झाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी आणि आई वाडीवर निरोप घ्यायला गेलो. बाईनं आईला पोतं अंथरून दिलं, आई बसली, आणि दोघींचं गुडघेदुखीवर लगेच जमलं. कुत्री कुठं दिसत नव्हती, पाण्याकडे भुंकणं तेवढं ऐकू येत होतं. रावसाहेब धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, दोन्ही हातांत घागर धरून वेलांमधून येत होते. पाणी अर्धं अंगावरच सांडत होतं.

बाई बोलता बोलता थांबली आणि तिकडे बघून ओरडली, “रावसाहेब, तितं पाय नका दिऊ! येल हाय न्हवं का!”

रावसाहेब जागच्या जागी थांबले. एक पाय वर धरून, खाली वाकून त्यांनी वेल कुठं आहे ते शोधलं. मग पाय दुसरीकडे ठेवला.

“हितं चालंल का?” त्यांनी विचारलं.